बारा शतकं, त्यातली आठ परदेशात



आज थोडं क्रिकेट. ज्यांना क्रिकेटचं वावडं आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण विषय शेवटी नोकरीचाच आहे.

अजिंक्य रहाणे ८५ कसोटी खेळला. धावा ५०७७, सरासरी ३८.४६, शतकं १२. आकडे वाईट नाहीत, पण सचिन-गावसकरांच्या मुंबईत अशा आकड्यांचे कोणी पुतळे उभारत नाही. गंमत आहे ती त्या १२ शतकांच्या पत्त्यात. भारतात फक्त चार : दिल्लीत एकाच सामन्यात दोन, एक इंदूरला, एक रांचीला. बाकीची आठ वेलिंग्टन, लॉर्ड्स, किंग्स्टन, अँटिगा, दोनदा कोलंबो आणि दोनदा मेलबर्न. म्हणजे गड्याची दोन तृतीयांश कमाई परदेशातली. आपल्यासारखीच :-)

अजून एक हिशोब. ही १२ शतकं ११ सामन्यांत झाली. त्यातले आठ भारताने जिंकले, तीन अनिर्णित राहिले. हरला एकही नाही. तरीही कारकीर्दभर या माणसाची जागा पक्की कधी नव्हती. हे असं का झालं, आणि दर वेळी बाहेर काढल्यावर त्याने काय केलं, हे बघण्यासारखं आहे.

* डोंबिवली ते सीएसटी *

जन्म ६ जून १९८८, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वाढला डोंबिवलीत, शाळा एस. व्ही. जोशी. वडील बेस्टमध्ये नोकरीला. घरची परिस्थिती अशी की प्रॅक्टिसला जाताना रिक्षा परवडायची नाही. एका हातात धाकटा भाऊ आणि दुसऱ्या हातात त्याची किट बॅग घेऊन आई मैलोन्‌मैल चालायची, हे त्याने स्वतःच मुलाखतींमधून सांगितलंय. वडिलांचीही एक गोष्ट तो सांगतो. पहिल्यांदा लोकलने एकट्याला सीएसटीला पाठवलं तेव्हा वडील म्हणाले, आता तू तुझा जा. आणि स्वतः मागच्या डब्यात बसून पोरगा नीट पोचतोय ना ते बघत होते.

डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडलेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको की त्या गर्दीत किट बॅग घेऊन चढणं हीच एक इनिंग आहे. पुढे प्रवीण आमरेंनी त्याला घडवलं. सप्टेंबर २००७ मध्ये कराचीत निसार ट्रॉफीच्या सामन्यात तो मुंबईकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला आणि १४३ काढले. पहिलंच शतक, तेही परदेशात! सुरुवातच तशी. २००८-०९ च्या रणजी मोसमात १०८९ धावा केल्या आणि मुंबई जिंकली.

एका मोसमात हजार धावा म्हणजे दार ठोठावणं नाही, जवळजवळ तोडणं. पण आत जागाच नव्हती. द्रविड, सचिन, लक्ष्मण बसलेले. २०११ मध्ये इंग्लंडला टी-२० आणि वन-डे खेळायला मिळालं, मँचेस्टरला पहिल्याच टी-२० मध्ये ६१ केले. कसोटी संघातही घेतलं, पण बाकावर. एक नाही, दोन नाही, सोळा कसोटी तो संघात होता आणि खेळला नाही. पाणी नेलं, ग्लोव्ह्ज नेले, बदली क्षेत्ररक्षक म्हणून धावला. ऑफर लेटर हातात आहे, व्हिसा लागलाय, आणि कंपनी म्हणतेय, साइट सुरू झाली की कळवतो... तसं सोळा महिने.

शेवटी मार्च २०१३ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध संधी मिळाली. धावा : ७ आणि १.

* चांगले दिवस *

अशा पदार्पणानंतर पुष्कळ जण दिसेनासे झालेत. रहाणेचं नशीब असं की पुढचा परदेश दौरा दक्षिण आफ्रिकेचा होता. डिसेंबर २०१३, डर्बन : नाबाद ५१ आणि ९६. समोर स्टेन, फिलँडर, मॉर्केल. शतक चार धावांनी हुकलं ते दोन महिन्यांत वेलिंग्टनला वसूल केलं, ११८.

मग लॉर्ड्स. १७ जुलै २०१४. कुवेतमध्ये तेव्हा रमजान चालू होता, ऑफिसं लवकर सुटत होती आणि सामना आपल्या घड्याळाने दुपारी एकला सुरू. हिरवीगार खेळपट्टी, भारत ७ बाद १४५. त्यानंतर रहाणे आणि भुवनेश्वर कुमार यांनी ९० धावा जोडल्या आणि रहाणेने १०३ केले. भारत २९५ पर्यंत पोचला, पुढे इशांतने सात बळी घेतले आणि १९८६ नंतर पहिल्यांदा आपण लॉर्ड्सला जिंकलो. १९८६ चा तो विजयही एका मुंबईकराच्या शतकाने सजला होता, दिलीप वेंगसरकरांच्या. वेंगसरकरांची तिथे तीन शतकं. त्यांच्या पाठोपाठ त्याच मैदानावर मुंबईचं नाव लागलं याचं कौतुक दादर ते सालमिया सगळीकडे झालं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेलबर्नला मिचेल जॉन्सन आग ओकत असताना १७१ चेंडूंत १४७. दुसऱ्या टोकाला कोहली १६९, दोघांची भागीदारी २६२. त्या दिवशी जॉन्सनला जास्त बेदरकारपणे मारत होता तो कोहली नव्हे, आपला डोंबिवलीकर. त्यानंतर २०१५ मध्ये गॉलला एकाच कसोटीत आठ झेल घेतले. यष्टिरक्षक सोडून कोणीही एका कसोटीत इतके घेतले नव्हते. वर्षाअखेरीस दिल्लीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२७ आणि नाबाद १००. ऑक्टोबर २०१६ मध्ये इंदूरला १८८, कोहलीबरोबर ३६५ ची भागीदारी. इथे आलेख सर्वात उंच होता.

* घसरण कुठून सुरू झाली *

मोठी माणसं एका दिवसात घसरत नाहीत. आधी छोट्या गोष्टी घडतात.

एकदिवसीय संघात तो कधी आत, कधी बाहेर. संथ खेळपट्टीवर त्याला एक-एक धाव काढत राहणं जमत नाही, असं धोनीने २०१५ मध्ये बांगलादेशात उघडपणे म्हटलं. मत चुकीचं होतं असं नाही. पण २०१७ मध्ये हाच माणूस वेस्ट इंडिजमध्ये पाच सामन्यांत ३३६ धावा करून मालिकावीर ठरला, मायदेशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध लागोपाठ चार अर्धशतकं केली, आणि फेब्रुवारी २०१८ नंतर भारताकडून एकही वन-डे खेळला नाही. ९० सामने, २९६२ धावा, तीन शतकं, फाइल बंद.

कसोटीत दुखणं वेगळं होतं. मायदेशातल्या खेळपट्ट्या फिरकीला धार्जिण्या होत गेल्या आणि तिथे त्याच्या पायांची हालचाल अडखळायला लागली. वेगवान चेंडू उशिरा खेळणारा, बॅकफूटवर सुंदर दिसणारा हा फलंदाज, पण आपल्या अंगणात ऑफस्पिनर आणि डावखुरे स्पिनर त्याला बांधून ठेवायचे. घरच्यापेक्षा बाहेर चांगला खेळतो, ही त्याची ओळख कौतुकाची होती तशीच अडचणीचीही. कारण भारत जवळजवळ निम्म्या कसोटी घरी खेळतो.

जानेवारी २०१८ मध्ये तर उलटंच झालं. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर, म्हणजे ज्या परीक्षेसाठी तो बनला होता तिथेच, पहिल्या दोन कसोटींत त्याला वगळलं. दोन्ही हरलो. तिसऱ्यात, जोहान्सबर्गच्या उसळत्या, धोकादायक खेळपट्टीवर तो परत आला. दुसऱ्या डावात ४८ केले. स्कोअरबुकात अर्धशतकसुद्धा नाही, पण सामना ६३ धावांनी जिंकला.

२०१९ च्या वर्ल्ड कपसाठी निवड झाली नाही तेव्हा रुसून घरी न बसता तो इंग्लंडला हॅम्पशायरकडून कौंटी खेळायला गेला आणि पहिल्याच सामन्यात ११९ केले. ऑगस्टमध्ये अँटिगाला ८१ आणि १०२. कसोटी शतकाची दोन वर्षांची वाट तिथे संपली.

* ऍक्टिंग मॅनेजर *

आता २०२०. सतरा डिसेंबरला ऍडलेडला कोहली ७४ वर छान खेळत होता. रहाणेने धावेसाठी हाक दिली, मग थांबवलं, कोहली धावबाद. दोन दिवसांनी, आपल्याकडे सुट्टीच्या शनिवारी सकाळचा चहा-नाश्ता होईपर्यंत, भारत ३६ धावांत संपला होता. कोहली बाळंतपणासाठी घरी परतला. शमीचा हात मोडला. आणि या सगळ्याची किल्ली रहाणेच्या हातात आली.

गल्फमध्ये नोकरी केलेल्यांना हे पद नीट माहीत आहे : ऍक्टिंग. साहेब सुट्टीवर गेले की सही करायची, जबाबदारी पूर्ण, ग्रेड तोच, आणि साहेब परतले की खुर्ची रिकामी करायची. रहाणे हे आधी केलेला माणूस होता. मार्च २०१७ मध्ये धरमशालाला, मालिका १-१ असताना, कोहलीच्या खांद्याला दुखापत झाली म्हणून तो कप्तान झाला होता. तेव्हा कोहलीच्या जागी दुसरा फलंदाज न घेता त्यांनी नवखा कुलदीप यादव खेळवला. कुलदीपने पहिल्या डावात चार बळी घेतले, आणि शेवटच्या डावात रहाणेने स्वतः २७ चेंडूंत नाबाद ३८ मारून मालिका संपवली.

मेलबर्नलाही तसंच. विचार करा, मागच्या डावात ३६ झालेत, संघाचा सर्वोत्तम फलंदाज घरी गेलाय. कुठलाही सावध माणूस एक फलंदाज वाढवेल. संघ व्यवस्थापनाने कोहलीच्या जागी जडेजा घेतला, म्हणजे पाचवा गोलंदाज. शुभमन गिल आणि सिराज यांना कसोटीची टोपी दिली. पहिल्या तासातच अश्विनच्या हातात चेंडू दिला. ऑस्ट्रेलिया १९५.

२७ डिसेंबर रविवार होता, म्हणजे आपल्याकडे ऑफिसचा दिवस. खेळ कुवेतच्या वेळेने पहाटे अडीचला सुरू. ज्यांनी गजर लावला त्यांनी रहाणेचं शतक पाहिलं, बाकीच्यांनी ऑफिसात खिडकी छोटी करून स्कोअर पाहिला. दिवसअखेर नाबाद १०४. दुसऱ्या दिवशी ११२ वर धावबाद, जडेजा अर्धशतकासाठी एक धाव चोरत होता तेव्हा. जडेजाचा चेहरा पडला. रहाणेने जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चालायला लागला. अकरा दिवसांपूर्वी ऍडलेडला जे त्याच्या हातून झालं होतं तेच आता त्याच्या वाट्याला आलं होतं, आणि त्याने ते कसं घेतलं ते सगळ्या संघाने पाहिलं. सामना आठ गडी राखून जिंकला.

सिडनीला प्रेक्षकांतून सिराजला वर्णद्वेषी शिव्या आल्या. मैदान सोडायचा पर्याय होता, पण आपण खेळणार असं रहाणेने ठरवलं, असं सिराजने नंतर सांगितलं. विहारी आणि अश्विनने जखमी अंगाने सामना वाचवला. आणि ब्रिस्बेन, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरली नव्हती. मुख्य गोलंदाज सगळे जायबंदी. ३२८ चं लक्ष्य. गिल ९१, पुजारा अंगावर चेंडू झेलत ५६, पंत नाबाद ८९. १९ जानेवारी २०२१, मंगळवार, कुवेतच्या वेळेने साडेदहा-पावणेअकराला विजयी चौकार गेला. त्या पंधरा मिनिटांत कुवेत सिटीतल्या किती मीटिंगांमध्ये किती मराठी माणसं टेबलाखाली फोन धरून बसली होती याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

करंडक घेतल्यावर त्याने तो नवख्या नटराजनच्या हातात दिला. शंभरावी कसोटी खेळणाऱ्या नेथन लायनला सगळ्यांच्या सह्यांचा शर्ट दिला. मुंबईत सोसायटीत स्वागताला कांगारूचा केक आणला होता, तो कापायला नको म्हणाला. हरलेल्या माणसाचा मान राखायची ही रीत आपल्या घरांमध्ये अजून शिकवतात, निदान शिकवायचे.

पुढच्याच महिन्यात चेन्नईला कोहली परत कप्तान, रहाणे परत उपकप्तान. एका शब्दाची तक्रार नाही. कप्तान म्हणून सहा कसोटी : चार जिंकल्या, दोन अनिर्णित. नावाप्रमाणे अजिंक्य. आणि सहाही वेळा ऍक्टिंग.

* कंत्राट संपलं *

इथे भावनेच्या भरात एक गोष्ट विसरू नये. मेलबर्नच्या ११२ नंतर त्याची बॅट थंडावली. सिडनीला २२ आणि ४, ब्रिस्बेनला ३७ आणि २४. २०२१ सालात १३ कसोटी खेळून सरासरी जेमतेम २० च्या पुढे. लॉर्ड्सला पुजाराबरोबर शंभराची भागीदारी करताना ६१ केले, सामना जिंकण्यात त्यांचा वाटा होता, पण अशा इनिंग विरळ झाल्या. एखाद्या पोराला वर्षभर इतक्या संधी मिळाल्या नसत्या हे मान्य करायलाच हवं. रहाणेवर अन्याय झाला असं म्हणणाऱ्यांनी हे वर्ष झाकून ठेवू नये.

डिसेंबर २०२१ मध्ये उपकप्तानपद गेलं. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला पहिल्या डावात पहिल्याच चेंडूवर शून्य, दुसऱ्या डावात ५८. केपटाऊनला ९ आणि १. मग संघातून नाव गेलं. बोर्डाच्या कंत्राटात मार्च २०२२ मध्ये ग्रेड उतरला, मार्च २०२३ मध्ये यादीतूनच बाहेर. मंदूब येऊन सांगतो ना, साहेब, या वेळी रिन्यू नाही... तसं. वय ३४.

आपल्यातले बरेच जण या वाटेने गेलेत. १९९० ला एका ऑगस्टमध्ये सगळं सोडून निघालेले, २००८-०९ मध्ये प्रोजेक्ट बंद पडल्याने परतलेले, २०२० मध्ये घरून काम करता करता एक ईमेल आलेले. पन्नाशीच्या आत-बाहेर, मुलं कॉलेजात, आणि इंडेम्निटीचा हिशोब एका कागदावर. तेव्हा दोन गोष्टी सोप्या असतात : सिस्टीमला शिव्या देणं, किंवा मी कोण होतो हे लोकांना सांगत फिरणं.

रहाणे रणजी खेळायला गेला. वगळल्यावर पहिल्याच सामन्यात, फेब्रुवारी २०२२, अहमदाबादला सौराष्ट्राविरुद्ध १२९. पुढच्या मोसमात मुंबईचा कप्तान म्हणून ६३४ धावा, त्यात हैदराबादविरुद्ध २०४ आणि आसामविरुद्ध १९१. ज्या माणसाने गॅबा जिंकलं तो गुवाहाटीला मोजक्या प्रेक्षकांसमोर दिवसभर उभा राहत होता.

आयपीएलमध्ये चेन्नईने त्याला मूळ किमतीत, ५० लाखांत घेतलं. कोणी दुसरी बोलीच लावली नाही. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर मोईन अली आजारी म्हणून नाणेफेकीच्या थोडंच आधी कळलं की खेळायचंय. २७ चेंडूंत ६१. पुढे ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत नाबाद ७१. मोसमात ३२६ धावा, दर शंभर चेंडूंमागे १७२. संथ खेळतो म्हणून ज्याला वन-डेतून काढलं होतं तोच हा! फटके तेच होते, आडवे-तिडवे काही नाही. फक्त ते आधी मारायला लागला.

श्रेयस अय्यर जायबंदी होता, म्हणून जून २०२३ मध्ये ओव्हलवरच्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी बोलावणं आलं. १७ महिन्यांनी. भारत ४ बाद ७१, कमिन्सचा चेंडू बोटावर बसलेला, आणि तरी ८९. दुसऱ्या डावात ४६. पाच हजार धावा तिथे पूर्ण झाल्या. सामना हरलो, पण दोन्ही डाव मिळून भारताचा सर्वोत्तम फलंदाज तोच.

गोष्ट सिनेमात इथे संपली असती. प्रत्यक्षात लगेच वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर त्याला उपकप्तान केलं, दोन कसोटींत ३ आणि ८ झाल्या, आणि परत बाहेर. पोर्ट ऑफ स्पेनची ती कसोटी, जुलै २०२३. त्यानंतर बोलावणं आलेलं नाही.

* पुढे *

मार्च २०२४ मध्ये त्याच्या कप्तानीत मुंबईने आठ वर्षांनी रणजी जिंकली, ४२ वं विजेतेपद. त्या मोसमात त्याच्या स्वतःच्या धावा होत नव्हत्या, पण विदर्भाविरुद्ध अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात, नेमका हवा तेव्हा, ७३ केला. सप्टेंबरमध्ये लेस्टरशायरकडून कार्डिफला शतक. ऑक्टोबरमध्ये इराणी करंडक, मुंबईने २७ वर्षांनी जिंकला, त्यात याचे ९७. डिसेंबरमध्ये मुश्ताक अली टी-२० स्पर्धेत ४६९ धावा, सर्वात जास्त, स्पर्धेचा मानकरी, आणि करंडक मुंबईला. कोलकात्याने दीड कोटीत घेतलं आणि २०२५ च्या मोसमासाठी कप्तान केलं.

२०२५ मध्ये इंग्लंडला एका मुलाखतीत तो म्हणाला की अजून कसोटी खेळायची आहे, निवड समितीशी बोलायचा प्रयत्न केला, उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये मुंबईची कप्तानी स्वतःहून सोडली, नवा माणूस तयार व्हायला हवा म्हणून. आणि ऑक्टोबरमध्ये छत्तीसगढविरुद्ध १५९ केले.

नाही म्हणायचा हक्क निवड समितीला आहे, पस्तिशी ओलांडलेल्या फलंदाजाऐवजी तरुण पोराला घेणं बरोबरही असेल. पण ८५ कसोटी दिलेल्या माणसाला समोर बसवून तसं सांगायला किती वेळ लागतो? आपल्यापैकी जे आज टीम सांभाळतात, ज्यांच्या सहीने लोकांची कंत्राटं रिन्यू होतात किंवा होत नाहीत, त्यांनी तरी एवढं लक्षात ठेवावं. नकारापेक्षा नकार न कळवणं जास्त लागतं.

आणि जे दुसऱ्या बाजूला आहेत त्यांच्यासाठी रहाणेचा हिशोब साधा आहे. बाहेर काढलं की खालच्या मैदानावर जायचं, तिथे मोठेपणा न मिरवता खेळायचं, आणि स्वतःच्या खेळात जे जुनं झालंय ते बदलायचं. परत बोलावतील की नाही, ते आपल्या हातात नाही. त्याला एकदा बोलावलं, दुसऱ्यांदा नाही. दोन्ही वेळा मेहनत सारखीच होती.

सुलेबियाला शुक्रवारी पहाटे ऊन चढायच्या आत मॅटिंगवर खेळणारी आपली मुलं आहेत. त्यांना मेलबर्नचं ११२ यूट्यूबवर जरूर दाखवा. पण त्याबरोबर अहमदाबादचं १२९ पण सांगा. त्याचे व्हिडिओ फारसे सापडणार नाहीत, म्हणून सांगावंच लागेल.

तुमच्या आठवणीतली रहाणेची इनिंग कोणती, ते जरूर लिहा. आणि तो कसोटी संघात नको होता असं ज्यांना वाटतं त्यांनीही लिहा, भांडायला मजा येईल.